फायर स्टेशनमधला गुणी कुत्रा नेमका कशात गुणी असतो?

तिसरी घंटा

मुलांबरोबर बसून पाहायचे चित्रपट मी सहसा अर्ध्या लक्षाने पाहतो, एक डोळा पडद्यावर आणि दुसरा हातातल्या पुस्तकावर. टॉड हॉलंड यांनी दिग्दर्शित केलेला 'फायरहाऊस डॉग' हा २००७ सालचा अमेरिकी चित्रपट मात्र मी पुस्तक मिटून पाहिला. चित्रपट फार थोर आहे म्हणून नव्हे, तर त्यातली एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली आणि ती नेमकी कोणती हे कळेपर्यंत चित्रपट संपला, म्हणून. तो धागा इथे सोडवून पाहावा असे वाटले.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. शेवट सांगणार नाही. रेक्स हा हॉलिवूडचा लाडावलेला नट-कुत्रा आहे. विमानातून उडी मारण्याची एक कसरत फसते, तो भलत्याच शहरात टोमॅटोंच्या ट्रकमध्ये येऊन पडतो आणि तारेपणाची सगळी झूल उतरलेल्या अवस्थेत शाळा चुकवून भटकणाऱ्या शेन नावाच्या मुलाच्या वाट्याला येतो. शेनचे वडील कॉनर हे 'डॉगपॅच' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, बंद होण्याच्या बेतात असलेल्या फायर स्टेशनचे कॅप्टन आहेत. शेनचा काका त्याच ठिकाणी कॅप्टन होता आणि तो आगीत गेला आहे. बाप आणि मुलगा दोघेही त्या दुःखाला वळसा घालून चालत असतात. गळ्यातल्या पट्ट्यावरच्या नावामुळे कुत्र्याला सगळे 'ड्यूई' म्हणू लागतात, आणि त्याच्या येण्याने मरगळलेल्या स्टेशनात पुन्हा जीव येतो. शेन झालेला जॉश हचरसन आणि कॉनर झालेले ब्रूस ग्रीनवुड या दोघांनीही कामे मनापासून केली आहेत.

आता खटकणारी गोष्ट. चित्रपट आपल्याला सतत सांगतो की हा कुत्रा गुणी आहे, आणि गुण म्हणून काय दाखवतो, तर उड्या, धावाधाव, धाडस आणि माणसासारखे हावभाव. हे सगळे गुण त्याने चित्रनगरीतून आणलेले आहेत. फायर स्टेशनवर येऊन तो नवे असे काही शिकतो का, या प्रश्नाचे उत्तर पटकथा नीट देत नाही. उलट मला तो खरोखर फायर स्टेशनचा कुत्रा वाटला तो काहीच करत नसताना. ड्युटीवरची माणसे वाट पाहत बसलेली असतात आणि तोही त्यांच्यात बसलेला असतो, तेव्हा.

असे वाटण्याला थोडा इतिहासाचा आधार आहे. ठिपक्यांचा डॅल्मेशियन फायर स्टेशनवर आला तो शोभेसाठी आला नाही. इंग्लंडमध्ये या जातीचे कुत्रे घोडागाड्यांबरोबर धावण्यासाठी पाळले जात. घोड्यांच्या टाचांजवळून, कधी थेट गाडीच्या आसाखालून, मैलोन्‌मैल धावत जायचे आणि गाडी थांबली की तिची राखण करायची, हे त्यांचे काम होते. एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणारे आगीचे पंप घोडे ओढू लागले, तेव्हा अमेरिकेतल्या फायर स्टेशनांना हाच कुत्रा सोयीचा वाटला. घंटा झाली की तो आधी बाहेर पडून भुंकत रस्ता मोकळा करी आणि आगीच्या ठिकाणी, माणसे पाण्याच्या पाइपाशी झटत असताना, बिथरलेल्या घोड्यांजवळ उभा राही. उरलेला सगळा वेळ तो तबेल्यात घोड्यांच्या सोबतीला असे, आणि हा उरलेला वेळच सर्वांत जास्त असे. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचा शेवटचा घोड्यांचा बंब २० डिसेंबर १९२२ रोजी ब्रुकलिनमधून निघाला. घोडे गेले, पण कुत्रा राहिला, आणि त्या दिवसापासून फायर स्टेशनचा कुत्रा म्हणजे काम संपलेला पण जागा न सोडलेला कामगार झाला.

चित्रपट या बिनकामाच्या, वाट पाहणाऱ्या कुत्र्याकडे पाहायला हवा होता आणि त्याऐवजी तो कसरतींमागे धावला, असे माझे म्हणणे आहे. आपल्याला काय वाटते?

शेवंती

धागा आवडला, पण तक्रार पटली नाही. तुम्ही बालचित्रपटाकडे इतिहासाचे पुस्तक म्हणून पाहता आहात. बारा वर्षांच्या मुलाचा काका गेला आहे, बाप त्याच्याशी धड बोलत नाही, आणि बापाला तरी बोलायला शब्द कुठे आहेत. अशा घरात काही हालचाल घडवायची तर धसमुसळा, खोडकर, एका जागी न बसणारा प्राणीच हवा. शांत बसून वाट पाहणारा कुत्रा त्या घरात आला असता तर तिथे वाट पाहणारे दोनाचे तीन झाले असते, इतकेच.

माझ्या मते चित्रपट कुत्र्याचा नाहीच. काकाच्या रिकाम्या जागेकडे बघण्याचे धाडस बापलेकांपैकी आधी कोण करतो, याची ती गोष्ट आहे. कुत्रा दोघांनाही एकाच दिशेला बघायला लावतो.

शिडीवरचा

मी अग्निशमन सेवेत बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे असे चित्रपट पाहताना घरचे मला मागच्या खोलीत बसवतात. तरीही दोन शब्द.

पहिली गोष्ट आगीच्या रंगाची. चित्रपटातली आग स्वच्छ, नारिंगी आणि पारदर्शक असते, कारण ती बहुतेक वेळा प्रोपेन वायूच्या भोके पाडलेल्या नळ्यांवर पेटवलेली असते आणि वायूची चावी फिरवली की विझते. धूर वेगळ्या यंत्राने सोडतात, तोही पांढरट आणि कॅमेऱ्याला समजूतदार. खऱ्या घराला आग लागते तेव्हा पडद्यावर दाखवण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. फोमच्या गाद्या, प्लास्टिक, रंग आणि कृत्रिम कापड जळू लागले की छतापासून खाली काळा धूर उतरत येतो, आणि आपल्याच हातातली विजेरी आपल्याला दिसत नाही. आम्ही आत जातो ते गुडघ्यांवर, एक हात भिंतीला लावून, पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मुखवटा चढवून. अशा खोलीत साऱ्या वस्तू एकदम पेट घेण्याचा क्षण काही मिनिटांत येऊ शकतो. पूर्वीच्या लाकूड आणि सुती कापडाच्या घरांपेक्षा आजच्या घरात तो फार लवकर येतो.

आता त्या खोलीत कुत्रा सोडा. त्याला मुखवटा नाही, त्याचे नाक जमिनीजवळ असले तरी फुप्फुसे आपल्याहून लहान, आणि पायाखाली निखारे व काचा. कोणतेही शहाणे दल पेटलेल्या इमारतीत कुत्रा पाठवत नाही. कुत्रे येतात ते नंतर, किंवा कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यावर, जिथे त्यांच्या नाकाला खरोखर तोड नाही.

एवढे सांगून हेही कबूल करतो की धागालेखकांचे वाट पाहण्याबद्दलचे निरीक्षण मला आतून पटले. आमची नोकरी म्हणजे नव्वद टक्के वाट पाहणे, असे आम्ही गमतीने म्हणतो. पाइप धुवून वाळत घालायचे, पंप चालवून पाहायचा, बूट आणि पॅंट अशा बेताने एकात एक खोवून ठेवायचे की झोपेतही पाय सरळ आत जावेत, आणि मग बसून राहायचे. घंटा कधी होणार हे कोणालाच माहीत नसते. अशा वेळी खोलीत एखादा जीव असा असावा की ज्याच्याशी काल रात्री काय पाहिले याबद्दल बोलावे लागत नाही, याचे मोल आत राहिल्याशिवाय कळत नाही.

जाता जाता: सगळ्या मुलांना ज्या घसरायच्या खांबाचे वेड असते तो १८७८ साली शिकागोच्या एका फायर स्टेशनवर डेव्हिड केन्यन या कॅप्टनने बसवला. माणसे वर झोपत आणि घोडे खाली असत, म्हणून खांबाची गरज पडली. फायर स्टेशनातल्या अर्ध्या गोष्टी अशा घोड्यांनी ठरवलेल्या आहेत. कुत्रा त्यांतलाच एक.

पायरव

मी कुत्र्यांना शिकवण्याचे काम करते, आणि 'गुणी कुत्रा' हा शब्द आला की माझे कान टवकारतात, कारण त्यात शिकवणाऱ्याचे श्रम बेमालूम लपलेले असतात.

रेक्सची भूमिका एका कुत्र्याने केलेली नाही. चार आयरिश टेरियर आळीपाळीने ती करत होते. त्यांची नावे आरवेन, फ्रोडो, रोहान आणि स्ट्रायडर, म्हणजे मालकाच्या घरात 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टॉल्किन वाचला जात असावा हे उघड आहे. ही पद्धत जुनी आहे. एक कुत्रा उडी छान मारतो, दुसऱ्याला पाण्याची भीती नसते, तिसरा दिव्यांच्या झोतात आणि तीस माणसांच्या गर्दीत ढिम्म पडून राहू शकतो. संकलकाच्या टेबलावर या तिघाचौघांचा मिळून एक अष्टपैलू प्राणी तयार होतो. असा कुत्रा जगात नसतो, आणि मुले तोच मागतात.

या चौघांत सर्वांत कठीण काम कोणाचे, असे मला कोणी विचारले तर मी पडून राहणाऱ्याचे म्हणेन. उडी शिकवणे त्या मानाने सोपे आहे, कारण उडी मारणे कुत्र्याला मुळात आवडते. एका जागी थांबणे शिकवताना आम्ही लाकडी पाटापासून सुरुवात करतो. कुत्र्याने पुढचे दोन पाय पाटावर ठेवले की खाऊ. पाट ओळखीचा झाला की त्याच्या जागी लहान फळी, मग पुठ्ठ्याचा तुकडा, मग बाटलीचे झाकण. शेवटी जमिनीवर ठेवलेला एखादा खडा पुरतो. कॅमेऱ्याला तो दिसत नाही, पण कुत्र्याला तिथे अख्खा पाट दिसत असतो. शिकवणारी व्यक्ती कॅमेऱ्याच्या बाजूला किंवा समोरच्या नटाच्या खांद्यामागे उभी राहून हाताने खूण करते. आपल्याला वाटते, कुत्रा मुलाच्या डोळ्यांत किती मायेने बघतो आहे. तो बघत असतो मुलाच्या कानामागच्या माणसाच्या मुठीकडे, कारण त्या मुठीत खाऊ आहे. याने माझा रसभंग होत नाही. इतका वेळ दुसऱ्या जिवाच्या मुठीकडे लक्ष ठेवणे हीसुद्धा लहानसहान गोष्ट नव्हे.

तेव्हा तिसरी घंटा, तुम्हाला जो कुत्रा 'काहीच करत नसताना' आवडला, तो त्या वेळी आयुष्यातले सर्वांत अवघड काम करत होता.

कोरी पाटी

चित्रपटात मुद्दाम लावलेल्या आगींचा एक धागा आहे. कुत्रा आग मुद्दाम लावलेली आहे हे ओळखू शकतो, की तीही पटकथाकाराची सोय?

शिडीवरचा

आग मुद्दाम लावली हे कुत्रा ओळखत नाही. आगीच्या जागी पेट्रोल, रॉकेल किंवा तसा एखादा ज्वालाग्राही द्रव होता का, एवढेच तो सांगतो. या कामासाठी तयार झालेली मॅटी ही काळी लॅब्रॅडोर कुत्री १९८६ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याच्या पोलिसांकडे कामाला लागली, आणि या प्रकारच्या प्रशिक्षित कुत्र्यांचा आरंभ तिच्यापासून मानतात.

त्यांचे काम मी एकदा जवळून पाहिले आहे. आग विझून जागा निवलेली असते. छत खाली आलेले, भिंती कोळशासारख्या, फरशीवर ओली राख, आणि सगळीकडे जळक्या प्लास्टिकचा असा वास की माणसाचे नाक पाच मिनिटांत संपावर जाते. कुत्रीच्या चारही पायांत छोटे बूट चढवले होते. ती नाक जमिनीला जवळजवळ टेकवून, नागमोडी, अजिबात घाई न करता पुढे सरकत होती. एका कोपऱ्यात, जिथे आम्हाला बाकीच्या राखेहून वेगळे काहीही दिसत नव्हते, तिथे ती थबकली, पुन्हा दोन पावले मागे गेली, परत आली आणि खाली बसली. भुंकणे नाही, उकरणे नाही; उकरले तर पुरावा बिघडतो. सांभाळणाऱ्याने 'दाखव' म्हटल्यावर तिने नाकाने नेमकी जागा दाखवली आणि त्याने कमरेच्या पिशवीतून मूठभर खाद्य तिच्या तोंडासमोर धरले. मला नंतर कळले की या पद्धतीत शिकवलेल्या कुत्र्याला दिवसाचे सगळे जेवण असेच, वास शोधून, मिळवावे लागते. त्यामुळे काम नसलेल्या दिवशीही सांभाळणारा माणूस जळलेल्या गालिच्याच्या तुकड्यांवर पेट्रोलचे थेंब टाकून त्याचा सराव घेतो, मग रविवार असो की सण.

पण या धाग्यात एक सावधगिरीची नोंद हवीच. कुत्रा बसला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे होत नाही. जळलेल्या फोममधून आणि प्लास्टिकमधून निघणारी काही रसायने पेट्रोलमधल्या घटकांशी मिळतीजुळती असतात. म्हणून कुत्र्याने दाखवलेल्या जागेचा नमुना हवाबंद डब्यात घालून प्रयोगशाळेत पाठवतात आणि तिथल्या अहवालावर पुढचे ठरते. प्रयोगशाळेने दुजोरा न दिलेल्या निव्वळ कुत्र्याच्या खुणेवर अमेरिकेत खटले उभे राहिले होते आणि त्यावरून तिथल्या तज्ज्ञांमध्ये नव्वदच्या दशकात बराच वादही झाला. चित्रपटात हे दाखवणे अवघड आहे, हे मान्य. नायकाने बोट दाखवल्यावर 'अहवाल यायला तीन आठवडे लागतील' असे म्हणणारा अधिकारी कोणत्या दिग्दर्शकाला हवा असतो?

शेवंती

मला हवा असतो! शिडीवरचा, तुमच्या प्रतिसादातली ती नागमोडी चालणारी कुत्री मला रेक्सपेक्षा जास्त दिसली, हे मान्य करते. तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही.

जुने रस्ते

डॅल्मेशियनचे नाव वारंवार येते आहे, म्हणून एका बिनजातीच्या कुत्र्याची आठवण करून देतो. ग्लासगोच्या अग्निशमन दलात १८९४ च्या सुमारास वॉलेस नावाचा एक रस्त्यावरचा कुत्रा आला. आला म्हणजे एका मिरवणुकीत दलाच्या गाड्यांच्या मागे मागे चालत स्टेशनपर्यंत पोहोचला आणि मग गेलाच नाही. घंटा झाली की तो घोड्यांच्या पुढे पळत सुटे. त्याचे पाय सोलवटतात म्हणून एका बाईंनी त्याला रबरी बूट घेऊन दिले होते. १९०२ मध्ये तो मेला, तेव्हा त्याचे कातडे भरून घेतले आणि दलाने तो जपून ठेवला.

या कुत्र्याला कोणी शिकवले नव्हते, निवडले नव्हते. 'फायरहाऊस डॉग' मला आवडला तो नेमका याच कारणाने, की त्यातला कुत्राही उंची जातीचे प्रमाणपत्र गळ्यात बांधून स्टेशनवर येत नाही. चिखलात आणि टोमॅटोच्या रसात माखलेला येतो आणि स्टेशन त्याला ठेवून घेते. तो मूळचा नामांकित आहे हे प्रेक्षकाला माहीत असते, पण स्टेशनला माहीत नसते. कथेची खरी गंमत या न माहीत असण्यात आहे. पूर्वार्धात दिग्दर्शकाने ती छान सांभाळली आहे आणि उत्तरार्धात कुत्र्याचे कौतुक वर्तमानपत्री थराला नेऊन उधळून टाकली आहे. ड्यूईला प्रसिद्धी मिळू लागते तिथून तो पुन्हा रेक्स होतो, आणि माझा रस तिथेच कमी झाला.

पायरव

वॉलेसच्या बुटांबद्दल वाचून बरे वाटले. आज ज्या कुत्र्यांना आम्ही बूट घालायला शिकवतो ते पहिले दोन दिवस बगळ्यासारखे पाय उचलून चालतात.

एका गोष्टीबद्दल मात्र चिंता व्यक्त केल्याशिवाय राहवत नाही. असा चित्रपट आला की घरोघरी त्या जातीचे पिल्लू हवे असते. अमेरिकेत १९२७ ते २००४ या काळातल्या कुत्र्यांच्या चित्रपटांचा आणि त्या त्या जातींच्या नोंदणीचा मेळ घालून पाहणारा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. चित्रपटाचा परिणाम जातीच्या मागणीवर दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो, असे त्यात आढळले. डॅल्मेशियनचे तर पुढे काय होते हे आम्ही जवळून जाणतो. मैलोन्‌मैल धावण्यासाठी घडलेला प्राणी, त्याला दोन खोल्यांत ठेवायचे आणि तो सोफा फाडतो म्हणून सोडून द्यायचे. त्यात या जातीत जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण मोठे आहे. अमेरिकेतल्या तपासण्यांत सुमारे तीस टक्के डॅल्मेशियन एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले आहेत. हाक मारल्यावर येत नाही म्हणून मार खाणारा कुत्रा हट्टी असतोच असे नाही.

आयरिश टेरियर या बाबतीत सुदैवी ठरला. त्याच्या वाट्याला असा लोंढा आलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. जात हुशार आणि निष्ठावंत आहे, पण दुसरा कुत्रा समोर आला की भांडण उकरून काढण्याची हौस दांडगी. पहिल्या महायुद्धात या जातीच्या कुत्र्यांनी खंदकांमधून निरोप पोहोचवण्याचे काम केले आहे. तेव्हा अंगात धाडस आहेच, ते घरात कुठे जिरवायचे हा प्रश्न आहे.

कोरी पाटी

पालक म्हणून माझी अडचण वेगळी आहे. माझ्या सात वर्षांच्या मुलाने चित्रपट संपल्यावर मला अगदी गंभीरपणे सांगितले, की घराला आग लागली तर तो आधी आमच्या मांजरीला आणायला आत जाणार. चित्रपटाने त्याला शौर्य शिकवले, पण ते उलट्या दिशेने. शिडीवरचा, अशा वेळी मुलाला काय सांगावे?

शिडीवरचा

शौर्याला नकार देऊ नका, त्याला दुसरे काम द्या. बाहेर पडायचे, ठरलेल्या जागी उभे राहायचे, आणि बंब आला की पहिल्या दिसेल त्या माणसाला सांगायचे: 'आत मांजर आहे, ती बहुधा अमुक पलंगाखाली असेल.' ही माहिती आमच्यासाठी फार मोलाची असते, आणि मांजर कुठे लपते हे घरात त्याच्याइतके कोणाला माहीत असणार? एकदा बाहेर आले की कशासाठीही परत आत जायचे नाही, हे मात्र दरडावून नव्हे तर दोनचार वेळा प्रत्यक्ष करून दाखवावे. अंधार करून, जमिनीवर रांगत, घड्याळ लावून सराव केला तर मुलांना तो खेळ वाटतो.

आणखी एक. मुखवटा घातलेला माणूस श्वास घेतो तेव्हा मोठा घरघर आवाज होतो. लहान मुले त्या आवाजाला भिऊन कपाटात किंवा पलंगाखाली आणखी आत सरकतात; असे मूल शोधणे हा आमच्या कामातला सर्वांत नकोसा भाग आहे. मुलाला एकदा फायर स्टेशनवर नेऊन तो पोशाख चढवलेला माणूस आणि तो आवाज दाखवून आणा. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेने १९५१ पासून मुलांना या गोष्टी सांगायला स्पार्की नावाचा बंबवाल्याच्या पोशाखातला डॅल्मेशियन पुढे केला आहे, तो उगाच नाही. मूल माणसाला भिते, कुत्र्याला बहुधा भीत नाही.

शेवंती

म्हणजे शेवटी कुत्र्याचे काम तेच निघाले: भ्यालेल्याजवळ उभे राहणे. आधी घोडे, मग मुले. तिसरी घंटा, मी तुमच्या बाजूला आले असे समजू नका, पण हे तुमच्या पहिल्या परिच्छेदांतच होते.

तिसरी घंटा

सर्व प्रतिसादांबद्दल आभार. काल चित्रपट पुन्हा पाहिला, या वेळी पायरव यांचा खडा शोधत. सापडला नाही, अर्थात. पण कुत्रा स्थिर बसलेल्या चित्रचौकटी आता मला निराळ्या दिसू लागल्या आहेत, आणि 'काहीच करत नसताना' हे माझे शब्द मी मागे घेतो. कसरतींबद्दलचा आक्षेप मात्र राहू देतो. विमानातली ती उडी मला दुसऱ्यांदाही निरर्थक वाटली.

शेवंती यांच्या म्हणण्याचाही विचार केला. बापलेकांचे मौन मोडायला धसमुसळा प्राणी लागतो हे खरे असेल, पण ते मोडल्यावर दोघे शेजारी बसतात तेव्हा कुत्रा कुठे असतो ते एकदा पाहावे. माझ्या डोळ्यांसमोर तरी तो मध्येच आहे.

एक प्रश्न मात्र माझ्याकडे उरला आहे. शेवटच्या घोड्यांची हकिगत मी मुलीला सांगितली तेव्हा तिने विचारले, 'घोडे गेल्यावर त्या कुत्र्याला कोणी सांगितले का, की आता पुढे पळायचे नाही?' मोटारीच्या बंबापुढे धावणारा कुत्रा चाकाखालीच जाणार, हे तिच्या लक्षात आले होते. मला उत्तर देता आले नाही.

पायरव

सांगावे लागते, पण 'पळू नकोस' असे कुत्र्याला सांगता येत नाही. ती सूचना त्याला कळतच नाही. पळण्याच्या जागी दुसरे काहीतरी द्यावे लागते. पूर्वीच्या त्या माणसांनीही बहुधा तेच केले असणार: कुत्र्याला उचलून बंबावर चालकाशेजारी बसवले. फायर स्टेशनच्या जुन्या छायाचित्रांत डॅल्मेशियन पुढच्या बाकावर दिसतो तो असा. तुमच्या मुलीला सांगा, घंटा झाली की दाराकडे धावणाऱ्या कुत्र्याला बाकावर चढायची सवय लागायला काही आठवडे जातात, आणि तेवढे दिवस कोणीतरी त्याच्या आधी तिथे जाऊन बसावे लागते.